पडद्याआडची तोंडी

पडदा काही केल्या सरळ उभा राहीना. विद्यापीठाच्या दवाखान्यातून मागवलेला, लोखंडी चौकटीवर ताणलेला हिरवा पडदा होता तो, आणि त्याचं एक चाक झिजलेलं होतं. मी प्रयोगशाळेच्या फरशीवर गुडघे टेकून त्या चाकाखाली फिल्टर पेपरची घडी सारत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अजून थोडा डावीकडे घे. खुर्चीत बसणाऱ्याच्या चपला दिसतील."

वळून पाहिलं तर दारात कुलगुरू. एकट्याच. ना शिपाई, ना सचिव. हातात उन्हाची छत्री.

"चपलांवरून काय कळणार, मॅडम?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"चपलांवरून सगळं कळतं," त्या म्हणाल्या. मग आत येऊन परीक्षकाच्या खुर्चीत बसल्या, पडद्याकडे पाहिलं, मान वाकडी करून खालच्या फटीतून पाहिलं आणि समाधानानं हुंकार दिला. "हं. आता ठीक आहे. तूच का इथली व्यवस्था बघणारी? नाव काय तुझं?"

"विशाखा देशभ्रतार."

"देशभ्रतार?" त्यांच्या भुवया वर गेल्या. "गाव कुठलं?"

विचारून झालं आणि त्यांनी स्वतःच जीभ चावली. कारण नेमका हाच प्रश्न बंद करण्यासाठी तो पडदा आणला होता.

डॉ. सुमेधा गजघाटे आमच्या विद्यापीठात कुलगुरू म्हणून येऊन जेमतेम सात-आठ महिने झाले होते. शिक्षणातली जात हा त्यांचा अभ्यासाचा विषय. शिकागोला असताना त्यांनी तिथल्या काळ्या मुलांना वर्गात कसं जोखलं जातं यावर काम केलं होतं, आणि परत आल्यावर तेच मोजमाप इथं लावलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लेखी पेपरावर फक्त बैठक क्रमांक असतो, तिथं मुलांमधलं अंतर कमी असतं. तोंडी परीक्षेत समोर चेहरा असतो, नाव असतं, आडनाव असतं, तिथं ते अंतर वाढतं. आणि आपल्याकडची तोंडी परीक्षा सुरू कशी होते? आमच्या रसायनशास्त्र विभागातही तशीच व्हायची. विद्यार्थी जर्नल पुढं करून बसला की पहिला प्रश्न, "नाव काय? गाव कुठलं?" कुणी वाईट हेतूनं विचारायचं नाही. आपल्याकडं कुणी कुणाला भेटलं की जे विचारतात, तेच. पण त्या एका उत्तरात परीक्षकाला सगळं कळून चुकलेलं असतं, आणि विषयाचा पहिला प्रश्न अजून यायचाच असतो.

म्हणून मॅडमनी एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक चाचणी ठरवली होती. विद्यार्थी पडद्याआड, फक्त क्रमांक. नाव नाही, गाव नाही. सकाळी आमच्या विभागात चाचणी आणि त्याच दुपारी विद्या परिषदेत ठराव: हा नियम सगळ्या विद्यापीठाला लावायचा की नाही. मी गेल्याच वर्षी एम.एस्सी. झाले होते आणि विभागात प्रात्यक्षिकांची तात्पुरती निदर्शक म्हणून काम करत होते. नोंदी नीट ठेवते, म्हणून ही जबाबदारी माझ्याकडं आली होती.

"पवनी," मी म्हणाले. विचारलंच होतं, तर सांगणं भाग होतं.

"बाप्पा!" मॅडमचा आवाज एकदम मोठा झाला. "मग तू तर आमच्याकडचीच की! मी साकोलीची. पवनीचे देशभ्रतार म्हणजे..."

मी दाराकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. पण मॅडमनी ते टिपलं आणि वाक्य तिथंच सोडलं.

"कोण यायचंय?" त्यांनी हळू विचारलं.

"ओगले सर."

"त्यांना माहीत नाही?"

"मी लपवलेलं नाही, मॅडम. माझा जातीचा दाखला ऑफिसात आहे. पण सर ऑफिसात जात नाहीत."

त्या माझ्याकडं पाहत राहिल्या. रागानं नाही. एखाद्या डॉक्टरनं दुखऱ्या जागेवर बोट ठेवण्याआधी पाहावं, तसं.

भंडाऱ्याकडं देशभ्रतार म्हटलं की कुणालाही कळतं, हे लोक पूर्वीचे महार आणि आताचे बौद्ध, जसे गजघाटे. पण आमचं विद्यापीठ राज्याच्या दुसऱ्या टोकाला. इथल्या कानांना देशपांडे, देशमुख, देशभ्रतार असं सगळं एकाच रांगेतलं ऐकू यायचं. प्रा. श्रीनिवास ओगले, आमचे विभागप्रमुख, यांनाही तसंच. सरांसारखा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही. फळ्यावर रेणू काढायचे तर असे, की तो आता उडून जाईल असं वाटावं. आदल्या वर्षी गौरीच्या जेवणाला त्यांनी मला घरी बोलावलं होतं. पुरणपोळी वाढता वाढता काकूंनी विचारलं, "तुमच्यात गौरी उभ्याच्या की खड्याच्या गं?" माझ्या हातातला घास हातातच राहिला. "आई बसवत नाही, काकू," मी म्हणाले. ते शंभर टक्के खरं होतं. "नोकरी करते ना, कुठून जमणार," काकूंनी स्वतःच उत्तर पूर्ण केलं आणि वर तुपाची धार सोडली.

सरांकडं पीएच.डी.ची एकच जागा रिकामी होती. पुढच्या आठवड्यात मुलाखत. मी खुल्या जागेसाठी अर्ज केला होता आणि मुलाखत घेणाऱ्या समितीवर सर स्वतः होते. मला ती जागा हवी होती. दुसरं कुठलं वाक्य त्या दिवसांत माझ्या डोक्यात नव्हतं.

"काय हो, मंगलाष्टकं कोण म्हणणार?"

सर आले होते. दारातूनच पडद्याकडं पाहून हसत होते. "अंतरपाट तर धरलात, मॅडम. मुलगी पसंत पडली नाही तर उठून जायची मुभा आहे ना?"

"आपण मुलगी बघायला नाही, परीक्षा घ्यायला आलोय, सर," मॅडम म्हणाल्या. त्याही हसल्या, पण खुर्चीतून उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "मी फक्त बघणार. मधे बोलणार नाही."

"बघायला आहे काय? पडदाच तर आहे." सर बसले. मला म्हणाले, "विशाखा, तू कुठल्या बाजूची? वरपक्ष की वधूपक्ष?"

"मी मधली, सर. नोंदी घेणारी."

"शाब्बास."

पहिला विद्यार्थी धीट निघाला. त्याची उत्तरं भराभर आली, सरांचे प्रश्न भराभर गेले. दुसरीचंही बरं झालं. मी हळूहळू श्वास सोडायला लागले. तिसरा आला तेव्हा आधी खुर्ची करकरली, मग बराच वेळ काही नाही.

"झालास का स्थिर?" सरांनी विचारलं. "प्रयोग कुठला मिळाला होता?"

"ई-डी-टी-ए, सर." आवाज घशातच अडकत होता.

"छान. पाण्याचा कठीणपणा मोजलास. मग बफर कशाला घातलास?"

उत्तर नाही. पुन्हा खुर्ची करकरली.

"अरे उभा का राहिलास? बस, बस. बफर. कशासाठी?"

उत्तर नाही. मी पडद्याच्या कडेला उभी होते, मला दोघंही दिसत होते. मुलगा पडद्याकडं पाहत होता. हिरव्या कापडाकडं, डोळे मोठे करून. समोर बोलणारा माणूस दिसत नाही, त्याची मान हललेली दिसत नाही, तो हसतोय की रागावलाय ते कळत नाही. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता. सरांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना फक्त शांतता ऐकू येत होती.

"बरं, निर्देशक कुठला वापरलास? तेवढं तरी सांग."

मुलाचे ओठ हलले. आवाज आला नाही. सरांनी माझ्याकडं पाहून हात पसरले, मग खिडकीकडं पाहिलं. माझ्या मनात एकच चाललं होतं: बोल रे बाबा, काहीही बोल.

आणि सरांनी खुर्ची पुढं ओढली, आवाज एकदम खाली आणला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं विचारलं, "बरं, ते राहू दे. गाव कुठलं तुझं?"

"सर..." मी म्हणाले, पण उशीर झाला होता.

"हिवरगाव, सर," पडद्याआडून आवाज आला. पहिल्यांदाच स्वच्छ.

"कुठलं हिवरगाव? अकोल्याकडचं? अकोले तालुका?"

"हो सर. तिथून वर, डोंगरात."

"अरे, मी तिकडं आलोय. तो बारका वासाचा तांदूळ होतो ना तुमच्याकडं? मी येताना थोडा आणला होता. घरी डब्याचं झाकण उघडलं की शेजारचा घरमालक विचारायला यायचा, आज काय आहे म्हणून."

पडद्याआडून चक्क हसू ऐकू आलं. आणि मग तो मुलगा जो सुरू झाला! बफर पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, दहावर धरून ठेवतो, नाहीतर हायड्रोजन सुटत जातात आणि शेवटचा बिंदू सरकतो. निर्देशक एरिओक्रोम ब्लॅक टी, रंग वाइनसारख्या लालवरून निळा. मध्ये जांभळट दिसतो तिथं फसायचं नाही, सर, तिथं थांबायचं आणि एकेक थेंब सोडायचा. सरांनी आणखी चार प्रश्न विचारले, मुलानं चारही झेलले. मग सरांनी कागदावर आकडा लिहिला आणि मला दाखवला. वीसपैकी सतरा.

मुलगा बाहेर गेल्यावर सर उठले. त्यांना विजयाचा आनंद झाला होता, पण त्यात खोडसाळपणा नव्हता. खरंच बरं वाटलं होतं त्यांना.

"बघितलंत, मॅडम? तुमच्या पडद्यानं पोराची वाचा घालवली आणि माझ्या प्रश्नानं परत आणली. मी गाव जात काढायला विचारत नाही हो. भीती काढायला विचारतो."

मॅडमनी खिडकीच्या गजावरचं बोट काढलं. "दिसलं मला," एवढंच म्हणाल्या.

दुपारी प्रशासकीय इमारतीकडं जाताना त्यांनी मला सोबत घेतलं. नोंदी वाचून दाखवायला मला परिषदेत बोलावलं होतं. रस्त्यावर ऊन रणरणत होतं. त्यांनी छत्री उघडून अर्धी माझ्यावर धरली.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही, मॅडम. तो मुलगा तसाही दोन मिनिटांनी बोलला असता कदाचित. शिवाय पडदा त्याला नवा होता, त्याची भीती वेगळी. आणि तुलनेला दुसरं..."

"अगं, ते मला नको सांगू. परिषदेला निष्कर्ष नको असतो. परिषदेला गोष्ट हवी असते." त्या थांबल्या. "माझ्याकडं वीस वर्षांचे आकडे आहेत. ओगले सरांकडं आज सकाळपासून एक गोष्ट आहे. बारक्या तांदळाची. चहा यायच्या आत माझे आकडे हरतील."

गोष्ट माझ्याकडंही होती. ती पडद्याआडच्या मुलाची नव्हती. सकाळपासून ती माझ्या घशापाशी येऊन बसली होती, आणि मॅडमना ती दिसत होती हे मला ठाऊक होतं. त्या मागतील या भीतीनं मी रस्ताभर त्यांच्याकडं पाहिलं नाही.

त्यांनी मागितली नाही.

"तू फक्त नोंदी वाच," पायऱ्या चढताना त्या म्हणाल्या. "जे झालं तेवढं. वर एक अक्षर नको. तुझी मुलाखत कधी आहे?"

"पुढच्या मंगळवारी."

"हं," त्या म्हणाल्या आणि छत्री मिटली.

परिषदेचं लांब टेबल, भोवती प्राध्यापक आणि प्राचार्य, बशांमध्ये बिस्किटं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. माझी पाळी आल्यावर उभी राहून नोंदी वाचल्या. तिसऱ्या विद्यार्थ्यापाशी माझा वेग आपोआप वाढला, तरी सगळ्यांनी नेमकं तेच ऐकलं.

मग ओगले सर बोलले. त्यांना गोष्ट सांगता येत असे. मुलाची शांतता त्यांनी अशी उभी केली, की टेबलावरचे चमचेसुद्धा वाजायचे थांबले. आणि तांदळापाशी सगळे मोठ्यानं हसले. प्राचार्य लोखंडे, वयानं सर्वांत मोठे, डोळे पुसत म्हणाले, "मॅडम, पडदे लावायला आपण काय नाटक कंपनी काढलीय? माणसाला माणूस दिसू द्या."

"विषय संपला म्हणायचा," कुणीतरी म्हणालं.

"नाही, नाही," सर म्हणाले. त्यांना न्यायानं जिंकायचं होतं, हे त्यांचं मोठेपण. "माझ्या एकट्याच्या शब्दावर नको. विशाखाला विचारा. ती त्या खोलीत होती. ना मॅडमच्या बाजूची, ना माझ्या. अगदी तटस्थ."

मी नोंदींचे कागद छातीशी धरून उभी राहिले.

"तिला नोंदी वाचायला बोलावलंय," मॅडम एकदम कडक आवाजात म्हणाल्या. "मत द्यायला नाही. ठराव पुढच्या बैठकीत घेऊ. पुढचा विषय."

मला कळलं. त्या स्वतःचा ठराव सोडून देत होत्या. माझ्यावर वेळ येऊ नये म्हणून.

"असं कसं, मॅडम?" सर हसत म्हणाले. "पोरीला बोलू द्या की. आमच्या घरची आहे, खरं तेच बोलेल."

घरची. तो शब्द ऐकला आणि माझ्या घशापाशी बसलेलं हललं. मला अजूनही सांगता येत नाही की मी ठरवून बोलले का. मी उभी होते, एवढं आठवतं.

"सर, एक विचारू?"

"विचार की."

"गेल्या वर्षी माझी तोंडी परीक्षा तुम्हीच घेतली होती."

"हो तर. झकास दिली होतीस."

"मी खूप घाबरले होते, सर. माझ्या हातून पिपेट फुटलं होतं."

"आठवतंय ना! मी तुला पाणी दिलं होतं. म्हटलं, काचच फुटलीय, डोकं शाबूत आहे ना?" सगळे पुन्हा हसले.

"पाणी दिलंत," मी म्हणाले. "आणि थेट विषयाला हात घातलात. गाव नाही विचारलंत."

"नसेल विचारलं."

"मी घाबरले होते तरी. आधीही नाही, नंतरही नाही. दोन वर्षांत कधीच नाही. सगळ्यांना विचारता, सर. मलाच का नाही विचारलंत?"

"अगं, तुझं काय विचारायचं?" सर अजून हसत होते. "तुझं आम्हाला माहीतच..."

आणि ते थांबले. हुशार माणूस. स्वतःचं वाक्य कुठं निघालंय ते त्यांना सर्वांच्या आधी दिसलं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"पवनी, सर," मी म्हणाले. "भंडारा जिल्हा. आम्ही बौद्ध आहोत."

कुणीतरी बशीत बिस्कीट ठेवलं, त्याचा आवाज ऐकू आला.

"त्याचा इथं काय संबंध?" लोखंडे म्हणाले, पण त्यांचाही आवाज पडला होता.

"संबंध आहे की नाही तेच मला कळत नाही, सर," मी त्यांना म्हणाले. मी शब्द मोजून टाकत होते. "आज सकाळी त्या मुलाला सतरा मिळाले. ते बफरमुळे मिळाले, की गावामुळे, की गाव सांगूनही मिळाले, हे मला नोंदीत लिहिता येत नाही. माझ्या गुणांचंही तसंच. मला ओगले सरांनी भरभरून दिले. ज्यांचं गाव सरांना माहीत नाही, त्यांनाच ते विचारतात. माझं त्यांना माहीत आहे असं त्यांना वाटत होतं."

सर टेबलाकडं पाहत होते. "तुझे गुण तुझ्या उत्तरांचे होते, विशाखा," ते म्हणाले. अगदी हळू.

"मलाही तसंच वाटायचं, सर," मी म्हणाले आणि खाली बसले.

ठराव मंजूर झाला नाही, फेटाळलाही गेला नाही. सगळ्या विज्ञान विभागांत वर्षभर चाचणी घ्यावी आणि मग बघावं, असं ठरलं. विद्यापीठात एवढं होणं म्हणजे पुष्कळ होतं. बैठक संपल्यावर सर दुसऱ्या दारानं गेले. मी कागद गोळा करून बाहेर आले, तर मॅडम जिन्यापाशी उभ्या. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. त्यांनी दंडाला धरून मला बाजूला घेतलं.

"अक्कल आहे का तुला, पोरी? मंगळवारी मुलाखत आहे ना तुझी?"

"आहे, मॅडम."

"मग आजच बोलायचं अडलं होतं काय? माझा ठराव काय, आज नाही तर पुढच्या खेपेला आला असता. मला दुसरी गोष्ट सापडली असती. तुला दुसरी जागा कुठून आणून देऊ मी? मी शब्द टाकला तर उद्या हेच लोक म्हणतील, आपल्या गाववालीला चिकटवली." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच त्यांना राग आला होता. "मी मागितलं होतं का तुझ्याकडं? सांग, मागितलं होतं?"

"नाही, मॅडम."

"मग?"

उत्तराची वाट न बघता त्या पायऱ्या उतरून गेल्या. छत्री वरच विसरल्या, ती मी शिपायाकरवी पाठवून दिली.

मंगळवारपर्यंत मी काही नीट जेवले नाही. सर विभागात येत, तासाला जात, दिसले की मान हलवत. बोलणं कामापुरतं. काकूंचा फोन आला नाही, पण तो एरवीही रोज येत होता असं नाही. मी प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी तपासून पाहत होते आणि प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी बसत होती.

मुलाखतीला समितीत तिघं होते, मधोमध ओगले सर. मी आत गेले.

"बसा," सर म्हणाले.

आजवर मला ते अगं-तुगं करत आले होते. समितीसमोर सगळ्यांनाच अहो-जाहो करत असतील. असतील की. मी बसले. सरांनी थेट विषयाला हात घातला, आणि प्रश्न अवघड होता: तांब्याच्या संकुल-संयुगांचा आकार एका दिशेनं का ताणला जातो, आणि ते प्रयोगानं कसं दाखवाल. पहिला भाग मी नीट सांगितला. दुसऱ्यात वर्णपटापर्यंत पोचले आणि अडखळले. एरवी सर अशा वेळी मान किंचित कलती करत, म्हणजे, चल पुढं, रस्ता बरोबर आहे. आज मान हलली नाही. चेहरा कोऱ्या फळ्यासारखा. मी कसंबसं वाक्य पुरं केलं. दुसऱ्या दोघांनी किरकोळ काहीतरी विचारलं.

"ठीक आहे," सर म्हणाले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, हाताचा आडोसा करून. "या तुम्ही."

जागा मला मिळाली, ते आत्ताच सांगून टाकते. मी सरांच्याच हाताखाली पीएच.डी. केली. त्या काळात त्यांनी मला शिकवण्यात कधी काही कमी केलं नाही आणि त्या दुपारचा विषय कधी काढला नाही. आता मी स्वतः तोंडी परीक्षा घेते. पण ते सगळं नंतरचं. मला अजून डोळ्यांसमोर दिसतो तो मुलाखतीच्या खोलीबाहेरचा बाक.

बाकावर माया लेंडवे बसली होती. सोलापूरकडची, माझ्या पुढच्या क्रमांकाची उमेदवार; तिच्या आडनावावरून जात इथल्या कानांना लगेच कळायची. आमची तोंडओळख होती तेवढीच. पांढरी ओढणी, मांडीवर फाईल, फाईलवर दोन्ही हात घट्ट.

"कशी झाली?" तिनं विचारलं.

आजवर कुठल्याही परीक्षेतून बाहेर आले की मला आपला आकडा साधारण कळलेला असे. इथं चुकलं, तिथं बरोबर आलं, बेरीज एवढी. त्या दिवशी बेरीज होईना.

"सांगताच येत नाही गं," मी म्हणाले. "माझं उत्तर अर्धवट होतं म्हणून ते गप्प होते, की माझ्यावर रागावलेत म्हणून, की मुद्दाम काही दिसू नये म्हणून... काही कळलंच नाही. आता काय चुकलं ते घरी जाऊन वाचू, की दुसरंच काही..."

माझा आवाज चढला होता. मायानं आश्चर्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या बोलण्यात तिला काही नवीन दिसत नव्हतं. मला ते नवीन वाटतंय, याचंच तिला नवल वाटलं असावं. तिनं आपली पिशवी उचलून खाली ठेवली आणि बाकावर जागा केली.

"बस," ती म्हणाली. "आम्हाला कधीच कळत नाही."

आतून शिपायानं तिचं नाव पुकारलं, आडनावासकट. ती उठली, ओढणी सारखी केली आणि आत गेली.